डिप्लोमातून कानस काढायची आणि लीन घालायचं?

कानस_हातात
"डिप्लोमा मेकॅनिकलला फिटिंग शॉपचे तास वाया जातात, त्याऐवजी लीन, सिक्स सिग्मा शिकवा" अशी पोस्ट फिरतेय. (फिटिंग म्हणजे कानशीने घासून धातूचा जॉब मापात आणणं, लीन म्हणजे वाया जाणारा वेळ-माल कमी करणं, सिक्स सिग्मा म्हणजे आकडेवारीने दोष कमी करणं.) राहवलं नाही. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्टीला काटकोन आणताना दर दोन-चार घासांनी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात धरावा लागतो. हात डुलला की कडा उतरतात, मधे फुगवटा राहतो. चूक कुठे आणि का झाली हे तिथेच समजतं. हे न शिकलेला पोरगा फिशबोनमध्ये (दोषाची कारणं मांडायच्या आकृतीत) "मॅन, मशीन, मटेरियल" लिहून मोकळा होतो.

चेंजओव्हर
फुगवटा ओळखून सेटअपचा, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्यावर मशीन तयार करायचा, वेळ कमी होत नाही! प्रेसची डाय (साचा) बदलताना बघा: प्रेस थांबल्यावर क्लॅम्पची शोधाशोध, टी-बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, पॅकिंग जुळत नाही, मग फर्स्ट पीस (नव्या सेटअपचा पहिला नग) घेऊन क्वालिटीच्या दारात उभं राहायचं. क्लॅम्प, बोल्ट, पुढची डाय हे सगळं आधीची बॅच चालू असतानाच जागेवर आणता येतं. १९६९ मध्ये जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी टोयोटात १००० टनी प्रेसचा सेटअप ४ तासांवरून आधी ९० मिनिटांवर आणि नंतर ३ मिनिटांवर आणला, तो प्रेस थांबवून करायची आणि चालू असताना करायची कामं अशी वेगळी करून, आणि थांबून करायची शक्य तितकी आधी उरकून. आपल्याकडे यावर चार मार्कांची टीप येते. शॉपमध्ये लेथ आहे, खिशात मोबाइल आहे. तीन जबड्यांचा चक (जॉब पकडायचा भाग) काढून चार जबड्यांचा बसवायचा व्हिडिओ काढा, एकेक हालचाल लिहा.

मायक्रॉन
दोघेही मोजमाप विसरलात. २५ मिमीच्या एच७ (लहान एच) शाफ्टची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ० ते उणे ०.०२१ मिमी. हातात देतात ०.०२ लीस्ट काउंटचा (सर्वात लहान वाचता येणारं माप) व्हर्नियर! अख्खी टॉलरन्स व्हर्नियरच्या एका भागात संपली, त्यावर सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती बसते त्याचा आकडा) कसला काढता? आधी गेज आर अँड आर (मोजमापातच किती फरक पडतो याची तपासणी) करा: १० पीस, ३ जण, प्रत्येकी ३ वेळा, ९० रीडिंग. मोजमापाचा फरक ३० टक्क्यांच्या वर गेला की ते मोजमाप बाद.

कानस_हातात
व्हर्नियरला नावं ठेवू नका. शून्य तपासायची सवय नाही, हे खरं दुखणं.

मायक्रॉन
शून्य बरोबर असूनही चुकतं. जोर लावला की सरकता जबडा कलतो, टोकाशी जास्तच. मायक्रोमीटरला रॅचेट (ठरावीक दाबावर घसरणारा खटका) आहे म्हणून दाब सारखा राहतो. तरी ०.०१ चा मायक्रोमीटरही इथे अपुरा. टॉलरन्सचा दहावा भाग वाचता यायला हवा, म्हणजे ०.००२. स्लिप गेजवर (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांवर) सेट केलेला, मायक्रॉन वाचणारा कंपॅरेटर (त्या मापाशी फरक दाखवणारं उपकरण) लावा. पण स्लिप गेज कपाटात कुलूपबंद!

पॉलिटेक्निक_स्टाफ
कुलूप का, तेही ऐका. घामाच्या बोटांनी हाताळून तसेच ठेवले की गंज धरतात. प्रत्येक वेळी पुसून व्हॅसलीन लावायचं, संच एक आणि बॅच अख्खी. वर जर्नल! प्रॅक्टिकलचा निम्मा वेळ मागच्या वर्षीची रीडिंग उतरवण्यात जातो. ते बंद करा, कानस आणि लीन दोन्हींना वेळ मिळेल.

चेंजओव्हर
जर्नलवर शंभर टक्के सहमत. कानशीवर नाही.

कानस_हातात
बरं, मोजा सेटअप. पण चार जबड्यांच्या चकवर डायल लावून जॉब ट्रू करता (बरोबर मध्यावर आणता) यायला हवा. काटा ०.१० फिरला तर जॉब ०.०५ च सरकवायचा. एवढं न येणाऱ्याचा वेळ मोजलात तर आकडा त्याच्या धडपडीचा येईल, पद्धतीचा नाही.

चेंजओव्हर
हे मान्य करावं लागेल. मग ट्रूइंग पहिल्या सत्रात घ्या आणि काटकोनाचे तास निम्मे करा.

कानस_हातात
निम्मे नाही. एक जॉब कमी करा, बस.