पीजे हार्वी: अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत आणि मैफलींचे स्थान काय?

अनाहत:
नमस्कार. इंग्लिश गायिका-गीतकार पीजे हार्वी हिचे ‘स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी’ (२०००) आणि ‘लेट इंग्लंड शेक’ (२०११) हे दोन अल्बम मी सध्या सातत्याने ऐकत आहे. पहिल्यात गिटारींच्या भरदार साथीवर मोकळ्या गळ्याने गायलेली शहरातील गाणी आहेत. दुसऱ्यात ऑटोहार्प या तंतुवाद्याच्या किणकिणाटावर, अगदी वरच्या पट्टीत, युद्धात मेलेल्यांविषयी ती गाते. हा एकाच गायिकेचा गळा आहे यावर सहज विश्वास बसत नाही. दोन्ही अल्बमांना ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले आणि ते दोनदा मिळवणारी ती पहिली कलाकार ठरली, हे वाचल्यावर तिचे सगळेच काम ऐकावे असे वाटू लागले.

जाणकारांना दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. उरलेले अल्बम कालक्रमाने ऐकावेत की दुसरा काही क्रम अधिक योग्य ठरेल? आणि तिच्या मैफलींची चित्रमुद्रणे ही केवळ पुरवणी समजावीत, की त्यांच्याशिवाय अल्बमांचे आकलन अपुरे राहते?

दक्षिणवारा:
माझ्या मते कालक्रमच योग्य आहे, कारण प्रत्येक अल्बममध्ये तिने आधीच्या अल्बमचे काय टाकून दिले हे त्याशिवाय कळत नाही. ‘ड्राय’ (१९९२) हा गिटार, बेस आणि ड्रम्स अशा तिघांच्या संचाचा अल्बम आहे. त्या वेळी ‘पीजे हार्वी’ हे तिचे एकटीचे नसून त्या संचाचे नाव होते. रॉब एलिस ड्रम्सवर आणि स्टीव्ह व्हॉन बेसवर होते. डॉर्सेट परगण्यातील एका खेड्यात वाढलेल्या, विशीच्या सुरुवातीच्या या मुलीने स्त्रीच्या देहाविषयी, लाजेविषयी आणि रागाविषयी इतक्या थेटपणे लिहिले होते की आजही ते ऐकताना सावरून बसावे लागते.

मात्र खरा मुक्काम करावा तो १९९३ च्या ‘रिड ऑफ मी’पाशी. मिनेसोटातील पॅकिडर्म स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनी याने त्याचे ध्वनिमुद्रण केले. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे. वादक खोलीत जसे वाजवतात तसेच ते फितीवर उतरवणे एवढेच आपले काम आहे, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे या अल्बममध्ये खोलीचा घुमारा ऐकू येतो, ड्रम्स अंगावर येतात आणि गायिकेचा आवाज वाद्यांच्या वर ठेवलेला नसून त्यांच्या गर्दीत अडकलेला आहे. शीर्षकगीताचा आरंभ इतका हळू आहे की श्रोता नकळत आवाज वाढवतो, आणि मग तिन्ही वाद्ये एकदम कोसळतात. काहींना हा दोष वाटतो. मला मात्र त्या गाण्यातील व्यक्तीची धमकी आणि विनवणी एकाच श्वासात ऐकू येण्यासाठी हीच पद्धत आवश्यक होती असे वाटते.

त्यानंतर लगेच, मध्ये दुसरे काहीही न ऐकता, त्याच वर्षी आलेला ‘फोर-ट्रॅक डेमोज’ ऐकावा. त्यातील १४ गाण्यांपैकी ८ ‘रिड ऑफ मी’मधलीच आहेत, तिने ती घरी एकटीने, चार पट्ट्यांच्या साध्या ध्वनिमुद्रकावर नोंदवली होती. संच नसतानाही गाण्यांची तीव्रता तसूभरही कमी होत नाही, त्यामुळे ती तीव्रता मोठ्या आवाजातून नव्हे, तर शब्दांच्या आणि सुरांच्या बांधणीतून येते हे स्पष्ट होते. अल्बिनीच्या ध्वनिमुद्रणाविषयीचे बरेचसे वाद या अल्बममुळे मिटतात, निदान माझ्यापुरते तरी मिटले.

पुढे ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’ (१९९५) येतो. तोवर तिघांचा संच मोडला होता आणि जॉन पॅरिश व फ्लड हे दोन सहनिर्माते तिच्यासोबत आले होते. त्यात ब्लूजची छाया आहे, ऑर्गन आहे, आणि आवाज खर्जात उतरला आहे. ‘इज धिस डिझायर?’ (१९९८) त्याहून अंतर्मुख आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनींनी भरलेला आहे. ‘उह हह हर’ (२००४) मला विस्कळीत वाटतो, त्यामुळे तो सावकाश ऐकला तरी चालेल.

मृण्मयी_के:
दक्षिणवारा यांनी सुचवलेला क्रम मला मान्य आहे, परंतु दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. हार्वीच्या बाबतीत मैफल ही पुरवणी नाही. अल्बममध्ये जे पात्र तिने आवाजातून उभे केलेले असते, त्याला देह, वेश आणि हालचाल रंगमंचावरच मिळते.

१९९३ मध्ये जे लेनोच्या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने ‘रिड ऑफ मी’ संचाशिवाय, केवळ एका इलेक्ट्रिक गिटारवर सादर केले. अल्बममध्ये रॉब एलिस ज्या चिरक्या आवाजात मागून साथ करतो, त्या ओळीही तिने स्वतःच गायल्या, त्यामुळे मूळचा संवाद एकाच माणसाच्या मनात चाललेल्या भांडणासारखा झाला. दोनच वर्षांनी, १९९५ च्या ग्लास्टनबरी महोत्सवात, ती भडक गुलाबी रंगाच्या अंगासरशी बसणाऱ्या पोशाखात आणि गडद रंगभूषेत उभी राहिली. त्या दौऱ्यात तिने गिटार बाजूला ठेवली होती. ज्या वाद्याने तिची ओळख निर्माण केली तेच हातातून काढून टाकल्यावर दोन्ही हात अभिनयासाठी मोकळे झाले, आणि ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’मधील आर्त, सूड उगवणारी स्त्री मला खऱ्या अर्थाने तेथे दिसली.

‘व्हाइट चॉक’च्या (२००७) वेळी तिने हेच पुन्हा केले. पियानो हे तिच्या सरावातले वाद्य नव्हते, तरीही तिने त्यावर गाणी रचली, आणि आपल्या नैसर्गिक आवाजापेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीत ती गायली. त्या सुमारास व्हिक्टोरियन धाटणीच्या पोशाखात, वाद्यांच्या गराड्यात एकटीनेच केलेल्या तिच्या मैफलींची मुद्रणे अवश्य पाहावीत. जुनी, आक्रमक गाणीही त्या आवाजात शेजारून कुजबुजल्यासारखी वाटतात.

अनाहत यांना ‘लेट इंग्लंड शेक’ प्रिय आहे म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. तो डॉर्सेटमधील ईप येथील चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यात पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या मोहिमेचे संदर्भ वारंवार येतात, आणि ‘द ग्लोरियस लँड’मध्ये लष्करी बिगुल, गाण्याच्या सुराशी आणि तालाशी मुद्दाम न जुळणारा, मध्येच वाजत राहतो. मैफलीत ती पिसांचा शिरपेच घालून, ऑटोहार्प छातीशी धरून रंगमंचाच्या एका बाजूला एकटी उभी राही, आणि जॉन पॅरिश, मिक हार्वी व ज्याँ-मार्क ब्यूती हे तिघे दुसऱ्या बाजूला असत. मधली मोकळी जागा पाहिल्यावर ती या गाण्यांमध्ये सैनिक म्हणून नव्हे, तर घडलेले सांगण्यासाठी उरलेली साक्षीदार म्हणून गात आहे, हे मला प्रथम उमगले.

रेघोटी:
वरील दोघांनीही ‘द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट’ (२०१६) वगळला आहे, आणि तो वगळण्याजोगा नाही. छायाचित्रकार शेमस मर्फी यांच्यासोबत कोसोवो, अफगाणिस्तान आणि वॉशिंग्टन येथे केलेल्या प्रवासांतून ही गाणी निर्माण झाली. ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये, एकतर्फी काचेच्या खोलीत झाले. तिकीट काढून आलेले लोक पाऊण तास बाहेरून सारे पाहू शकत होते, पण आतल्यांना बाहेरचे दिसत नव्हते. स्टुडिओ आणि मैफल यांमधील ज्या सीमेविषयी येथे चर्चा चालू आहे, तीच सीमा तिने त्या वेळी पुसून टाकली.

अल्बमवरील आक्षेपही नोंदवायला हवा. वॉशिंग्टनमधील एका गरीब वस्तीचे तिने जे वर्णन केले, त्यावर तेथील राजकीय नेत्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. मोटारीच्या खिडकीतून पाहिलेल्या वस्तीबद्दल गाणे लिहिताना तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे कितपत आले आहे, हा प्रश्न मला रास्त वाटतो. तरीही त्या दौऱ्यात सारे वादक मिरवणुकीसारखे ढोल वाजवत रंगमंचावर येत आणि हार्वीच्या हातात सॅक्सोफोन असे; त्या सामूहिक स्वरात ही गाणी अल्बममधल्यापेक्षा कितीतरी अधिक खरी वाटतात.

अनाहत:
सर्वांचे मनापासून आभार. आता ‘रिड ऑफ मी’ आणि ‘फोर-ट्रॅक डेमोज’ जोडीने ऐकायला घेतो. एकच शंका उरते: मैफलीतील ध्वनी हवा, पण चित्रमुद्रण पाहण्याइतका वेळ नसेल, तर काय ऐकावे? आणि तिचे अलीकडचे काम प्रत्यक्षात कसे आहे?

मृण्मयी_के:
‘द पील सेशन्स १९९१–२००४’ ऐकावा. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांच्यासाठी तिने वेळोवेळी केलेली ही ध्वनिमुद्रणे पील यांच्या निधनानंतर, २००६ मध्ये प्रकाशित झाली. रेडिओच्या स्टुडिओत मोजक्या वेळात वाजवलेली असल्यामुळे ती अल्बम आणि मैफल यांच्या मधोमध बसतात.

अलीकडच्या कामाविषयी सांगायचे तर, डॉर्सेटच्या बोलीत लिहिलेल्या ‘ऑरलॅम’ (२०२२) या दीर्घकाव्यातून ‘आय इनसाइड द ओल्ड इयर डाइंग’ (२०२३) हा अल्बम निघाला. मी त्या दौऱ्यातील लंडनची मैफल ऐकली. पूर्वार्धात तिने हा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने सादर केला आणि जुनी गाणी उत्तरार्धात घेतली. ज्या बोलीतील निम्मे शब्द बहुतेक श्रोत्यांना अपरिचित असावेत, ती गाणी सभागृह निमूटपणे ऐकत होते, आणि त्यानंतर ‘ड्राय’मधील ‘ड्रेस’ सुरू झाले तेव्हा तिच्या आवाजात तीस वर्षांपूर्वीचा राग नव्हता, मात्र धार तशीच होती. म्हणून हा अल्बम यादीच्या शेवटी ठेवू नये. ‘व्हाइट चॉक’नंतर लगेच ऐकावा, कारण त्यातल्या वरच्या पट्टीतील आवाजाची मुळे तेथेच आहेत.