मदत हवी आहे: कंपनी गोव्याची, गोदाम कुडाळला. नोंदणी कुठे कुठे?

प्रश्न: मडगावची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो. कुडाळ एमआयडीसीत भाड्याने गोदाम घेतोय. तिथे तीन कामगार असतील, विक्रीची बिलं तिथूनच निघतील. कंपनी महाराष्ट्रात पुन्हा नोंदवायची का? की गोव्याच्या जीएसटीत पत्ता वाढवून भागेल?

प्रतिसाद १: कंपनी पुन्हा नोंदवायची नाही. कंपनी कायदा २०१३ केंद्राचा आहे, एकच सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) देशभर चालतो. नोंदणीकृत कार्यालयच हलवायचं असेल तर विशेष ठराव आणि प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते, तुमचं तसं नाही.

जीएसटी मात्र राज्यवार असतो. ३० च्या नंबरात जादा जागा गोव्यातलीच टाकता येते. कुडाळसाठी त्याच पॅनवर आरईजी-०१ (जीएसटी नोंदणीचा अर्ज) भरून महाराष्ट्राचा, २७ ने सुरू होणारा वेगळा नंबर घ्या.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो जागेच्या कागदांवर. भाडेकरार संचालकाच्या नावे नको, कंपनीच्या नावे हवा आणि तो नोंदणीकृत करून घ्या. वीजबिल वेगळ्याच नावाचं निघालं तर आरईजी-०३ ची (खुलासा मागणारी) नोटीस येते. उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात, ते गेले की अर्ज फेटाळला जाऊ शकतो. एमआयडीसीचा गाळा आहे म्हणून मालकाकडे पोटभाड्याची परवानगी आहे का, हे करारापूर्वीच पाहा. सही करणाऱ्याच्या नावे संचालक मंडळाचा ठराव आणि डिजिटल सहीही लागेल.

प्रतिसाद २: गोव्याच्या कंपन्यांकडून हमखास राहतो तो व्यवसाय कर, कारण गोव्यात तो नाहीच. कंपनीच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी ही नोंदणी, कर वर्षाला ₹२,५००. कामगारांच्या पगारातून कर कापायला पीटीआरसी ही दुसरी नोंदणी: महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर ₹२००, फेब्रुवारीत ₹३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. दुकाने व आस्थापना कायद्याखाली तीन माणसांसाठी फॉर्म एफची सूचना पुरते, काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत.

प्रश्न: मडगावहून माल स्वतःच्याच गोदामात नेताना नुसतं चलान चालेल ना?

प्रतिसाद १: नाही. ३० आणि २७ या कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती, म्हणून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लावून कर बीजकच काढायचं. माल ₹५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला). कुडाळला त्या कराचं पूर्ण क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल तर बीजकातली किंमतच ग्राह्य धरतात. दोन्ही नंबरांची विवरणपत्रं वेगळी, आणि गोव्याच्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट कुडाळच्या करासाठी वापरता येत नाही. त्यामुळे २७ चा नंबर हातात येईपर्यंत कुडाळला माल उतरवू नका.