प्रतिसाद: डर्स्ली-पेडरसनला विसरू नका

‘डायमंड फ्रेम (आजच्या साध्या सायकलीची नेहमीची चौकट) रुळल्यावर इंग्लंडच्या सायकलवाल्यांनी वेगळं काही केलंच नाही’ हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. डर्स्ली-पेडरसन ही सायकल आठवा.

मिकाएल पेडरसन हा डॅनिश गडी ग्लॉस्टरशरमधल्या डर्स्लीला आला तो दुधातली साय वेगळी काढायच्या यंत्रापायी. ते यंत्र लिस्टर कंपनी बनवायची. (हो, तेच लिस्टर, ज्यांची इंजिनं आपल्याकडे विहिरींवर धडधडायची.) सायकलची सीट त्याला टोचायची. म्हणून पठ्ठ्याने आधी दोऱ्यांची विणलेली, झोळीसारखी सीट केली आणि मग ती टांगता येईल अशी चौकट तिच्याभोवती रचली! बारीक नळ्यांचे नुसते त्रिकोणच त्रिकोण, त्यामुळे वजनाला हलकी. पेटंट १८९३चं, आणि पहिली सायकल तर चक्क लाकडाची. पुढे तीन गिअरचा हबही (चाकाच्या मध्यभागी बसणारा, आत गिअर असलेला भाग) त्याने स्वतःच काढला. माझ्या मते त्याची खरी कमाल चौकटीत आहे, हबमध्ये नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबलं. पेडरसन १९२९मध्ये डेन्मार्कात गरिबीत वारला. १९९५मध्ये त्याचे अवशेष डर्स्लीला आणून तिथे पुन्हा दफन केले.