मिलवॉकीची गटारं विसरू नका
स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारातून अमेरिकेत समाजवाद आणला, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहराने १९१० ते १९६० या काळात तीन समाजवादी महापौर निवडून दिले. त्यांतले डॅनिअल होन तर सलग २४ वर्षं होते! क्रांतीच्या गप्पांपेक्षा स्वच्छ पाणी, बागा, सांडपाण्याची व्यवस्था यांवर त्यांचा भर. पक्षातलेच लोक त्यांना ‘गटारवाले समाजवादी’ म्हणून हिणवत. मतदार मात्र पाठीशी राहिले.

शीतयुद्धात ‘समाजवाद’ या शब्दाला रशियाचा वास चिकटला. आजच्या तरुणांनी ते युद्ध पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिली ती २००८ ची मंदी, शिक्षणाचं कर्ज आणि न परवडणारं घरभाडं. न्यूयॉर्कमध्ये समाजवादी झोहरान ममदानी २०२५ मध्ये महापौर म्हणून निवडून आले ते भाडं गोठवण्याच्या मुद्द्यावर.

तरी गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत समाजवादाबद्दल अनुकूल मत ३९ टक्क्यांचंच आहे, भांडवलशाहीबद्दल ५४. माझ्या शेजारच्या अमेरिकन आजी हा शब्द ऐकला तरी चिडतात. मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, लाल-निळ्या पट्टीचं कार्ड मात्र पाकिटात जपून ठेवतात. ते काढून घेऊ का, असं कुणी त्यांना विचारून बघावं.