कान सुरात, गळा मात्र बेसूर: लहान मुलांना संगीत नेमके कसे ऐकू येते?

प्रश्न:
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या आवडीचे अंगाईगीत मी कोणत्याही पट्टीत गुणगुणले किंवा शब्दांविना बासरीवर वाजवले, तरी पहिल्या चार-पाच सुरांतच ती ते ओळखते. मधला एखादा सूर मी मुद्दाम चुकवला, तर हातातले खेळणे खाली ठेवून ती ‘असं नाही’ म्हणते. तीच चाल ती स्वतः म्हणू लागली, की शब्द आणि ठेका बरोबर येतात, पण वरचा सूर गाठण्याआधीच आवाज खाली बसतो. एका परिचितांनी ‘हिला सुराचा कान नाही’ असे सांगितल्यापासून मन अस्वस्थ आहे. हे खरे असेल का?

प्रतिसाद १:
आपण केलेल्या वर्णनातच उत्तर दडलेले आहे. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यातल्या लांबट पडद्यावर उंच सूर तोंडाशी, तर खालचे सूर पार आतल्या टोकाशी सर्वाधिक कंप निर्माण करतात. हे कंप मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या मुख्य केशपेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार असतात. ही झाली केवळ नोंद. संगीत घडते ते पुढे, मेंदूत. जुन्या दूरध्वनीवरून साधारण 300 हर्ट्झच्या खालचे ध्वनी जवळजवळ येतच नसत, तरीही पुरुषाचा 120 हर्ट्झचा आवाज आपल्याला खर्जातलाच वाटे, कारण वरच्या कंपनांच्या आपसातील नात्यावरून मेंदू मूळ सूर ओळखतो. चाल ओळखतानाही मेंदू नातीच धरतो: 220 हर्ट्झपासून सुरू केलेली चाल 300 पासून सुरू केली तर प्रत्येक सूर बदलतो, पण सुरांमधली अंतरे तीच राहतात. आपली मुलगी हीच अंतरे ऐकते आहे.

प्रतिसाद २:
वरील मुद्द्याला वाढीची बाजू जोडतो. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत बाळ आवाजांना प्रतिसाद देऊ लागते, आणि ठेक्यातला अपेक्षित मुख्य ठोका गाळला तर नवजात बाळाच्या मेंदूत त्याची नोंद उमटते, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याहून मोलाचे मला 2005 चे एक निरीक्षण वाटते. उत्तर अमेरिकेतील सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातील विषम मात्रांच्या, म्हणजे त्यांच्या कानावर न पडलेल्या, लयीतील मोडतोडही जाणवत होती. बारा महिन्यांच्या बाळांना ती जाणवेनाशी झाली, मात्र काही दिवस तसे संगीत घरी ऐकवल्यावर पुन्हा जाणवू लागली. प्रौढांना तेवढ्या ऐकण्याने तसे साधले नाही. म्हणजे कान रिकामा जन्माला येत नाही. तो आजूबाजूच्या संगीताप्रमाणे घडत जातो आणि त्या घडण्यात काही गमावतोही. म्हणून या वयात नाना प्रकारचे संगीत सहज कानावर पडू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३:
मी लहान मुलांना गाणे शिकवते. सुरांचे आकलन जन्मतःच कमकुवत असणारी माणसे असतात, पण त्यांना बहुधा चालीतला चुकलेला सूर कळतच नाही. आपल्या मुलीला तो कळतो. त्यामुळे परिचितांचे मत कृपया मनावर घेऊ नये, आणि ते तिच्या समोर तर उच्चारूच नये. ऐकणे आणि गाणे ही दोन वेगळी कामे आहेत. गाताना श्वास, स्वरतंतूंचा ताण आणि स्वतःचा आवाज ऐकून केलेली दुरुस्ती हे सारे क्षणात जुळावे लागते, आणि पुष्कळ मुलांना ते शाळेच्या पहिल्या काही वर्षांत हळूहळू साधते. त्यातच या वयात आवाजाचा पल्ला लहान असतो आणि मोठी माणसे बऱ्याचदा स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गातात. ती खेळताना आपणहून गुणगुणते तो सूर पकडून तिथून चाल सुरू करून पाहावी.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी तिच्याच सुरावरून सुरुवात केली. माझ्या नेहमीच्या पट्टीपेक्षा ती बरीच वर निघाली. पहिल्या दोन ओळी जवळपास सुरात आल्या. तिसऱ्या ओळीतल्या मोठ्या उडीला आवाज अजून घसरतो, आणि घसरला की ती थांबून माझ्याकडे पाहते.