सहा हजारांच्या आत, घरच्या रेकॉर्डिंगसाठी कोणते कम्प्रेसर पेडल घ्यावे?

प्रश्न

मी पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतो. तीन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची स्ट्रॅट पद्धतीची गिटार इंटरफेसच्या, म्हणजे सिग्नल संगणकात नेणाऱ्या पेटीच्या, हाय-झेड (गिटारसाठीच्या) इनपुटला थेट जोडतो आणि ॲम्पचा आवाज संगणकातील प्लगइनमधून, म्हणजे पूरक सॉफ्टवेअरमधून, घेतो, कारण शेजारधर्म सांभाळून खरा ॲम्प वाजवणे शक्य नाही. डिस्टॉर्शनवर (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) वाजवताना तक्रार नाही. अडचण आहे ती क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजाची. कॉर्ड धरून एकेक तार सुटी छेडत गेलो की तिसरी आणि चौथी तार ठणठणीत ऐकू येतात, पहिली तार मात्र मागे राहते. कडव्यात हलक्या हाताने वाजवलेले सूर गायकाच्या आवाजाखाली दबून जातात आणि ते वर यावेत म्हणून इंटरफेसचा गेन (येणाऱ्या सिग्नलची वाढ) वाढवला, तर ध्रुवपदातल्या पहिल्याच झटक्याला सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा लागतो.

यावर कम्प्रेसर पेडल, म्हणजे मोठे सूर दाबून लहानमोठ्या सुरांतला फरक कमी करणारे उपकरण, घ्यावे असा विचार आहे आणि सहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. बेरिंजर सीएस४००, मूअर यलो कॉम्प आणि वापरलेले बॉस सीएस-३ अशी तीन नावे डोळ्यांसमोर आहेत. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने यांपैकी काय घ्यावे आणि पेडल लावूनच रेकॉर्ड करावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

लाल दिव्याचा प्रश्न कम्प्रेसरचा नसून गेनच्या नॉबचा आहे, तेव्हा तो आधी निकाली काढावा. इंटरफेस २४ बिटवर चालत असेल तर सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या सिग्नलमधले त्याचे तात्त्विक अंतर सुमारे १४४ डेसिबल इतके मोठे आहे, त्यामुळे सर्वांत जोराचा झटका उणे १२ डेसिबलच्या (कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) आसपास राहील इतका गेन खाली आणला तरी हलक्या सुरांचे काहीही बिघडत नाही. ते नंतर वर आणता येतात. टेपच्या काळात सिग्नल भरपूर ठेवावा लागे, कारण टेपचा स्वतःचा खरखराट खाली असे. ती सवय आता सोडलेली बरी.

पैसे खर्च करण्यापूर्वी प्लगइनवर आठवडाभर प्रयोग करावा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रीआकॉम्प नावाचा कम्प्रेसर असतोच आणि रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. ॲम्पच्या प्लगइनच्या आधी तो ठेवून रेशो (दाबाचे प्रमाण) ४:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंद आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंद येथून सुरुवात करावी. मग हलके सूर वाजवताना मीटर जेमतेम हलेल आणि झटक्याला चार ते सहा डेसिबल कपात दिसेल अशा बेताने थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो ती, खाली आणावा. ४:१ याचा अर्थ इतकाच, की थ्रेशोल्डच्या वर ८ डेसिबल गेलेला सूर बाहेर पडताना २ डेसिबलच वर राहतो. अटॅक अगदी शून्यावर नेला तर पिक तारेला लागल्याचा जो टणत्कार असतो तोच कापला जातो आणि गिटार कापडाखाली झाकल्यासारखी वाजते, म्हणून तेथे घाई करू नये.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक बाजू त्यात राहून गेली. कम्प्रेसर हा वाजवणाऱ्याच्या हातालाही लागतो. सूर लांबतो आहे हे कानाला ऐकू आले की आपण पुढचा सूर उशिरा छेडतो, ओढलेली तार अधिक वेळ धरून ठेवतो, आणि हा बदल मागाहून लावलेल्या प्लगइनने वादनात आणता येत नाही. अर्थात बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा; तो लहान तितका ऐकण्यातला उशीर कमी) ६४ सॅम्पलपर्यंत खाली नेऊन प्लगइन ऐकतच वाजवता येत असेल, तर हा फायदा पेडलशिवायही मिळतो. जुना संगणक तेथे अडखळतो, तेव्हा मात्र पेडलला पर्याय राहत नाही.

पेडल लावून रेकॉर्ड करण्याचा धोका मी स्वतः भोगला आहे. दोनच नॉब असलेल्या एका पेडलवर सस्टेन (दाब वाढवून सूर लांबवणारा नॉब) जवळजवळ टोकाला नेऊन मी एका गाण्याचे संपूर्ण वादन रेकॉर्ड केले. हेडफोनमध्ये ते सुंदर वाटले, पण मिक्सिंगला बसल्यावर असे दिसले, की प्रत्येक ओळ संपून सूर विरू लागला की खालून घरघर फुगत वर येते आणि पुढचा सूर वाजताच दबते, जणू कोणी खोलीतला पंखा चालू-बंद करत आहे. कम्प्रेसरचे काम पाहता यात नवल नाही: सूर मोठा असताना तो आवाज दाबतो, सूर विरू लागला की दाब सोडतो, आणि दाबामुळे घटलेला आवाज भरून काढण्यासाठी एकंदर गेन वाढवलेला असल्याने पिकअपने पकडलेली ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घरघर तितकीच वर उचलली जाते. एकदा दाबून रेकॉर्ड केलेले वादन मोकळे करता येत नाही, त्यामुळे मला सगळे पुन्हा वाजवावे लागले.

आपल्या गिटारला सिंगल कॉइल आहेत आणि ते घरघर सहज पकडतात, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगतो. संगणकापासून आणि ॲडॅप्टरपासून दूर बसावे आणि गिटार हातात धरून खुर्चीतच हळूहळू फिरावे. एका दिशेला घरघर स्पष्टपणे कमी होते, तेथेच खुर्ची ठेवावी. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर निवडस्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती जवळपास नाहीशीच होते. प्लगच्या अर्थिंगची तपासणीही वायरमनकडून करून घ्यावी.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नातील पहिल्या तारेविषयी कोणीच बोलले नाही. गिटारच्या सहाही तारांचा मिळून एकच सिग्नल बाहेर येतो आणि कम्प्रेसर त्या एकत्रित सिग्नलवर काम करतो; कोणती तार मंद आहे हे त्याला कळत नाही. कायम एकच तार मागे पडत असेल तर पिकअपची उंची पाहावी. पिकअपच्या दोन टोकांना स्क्रू असतात, त्यांपैकी पहिल्या तारेच्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत ती बाजू वर आणावी आणि दर वेळी वाजवून ऐकावे. फार जवळ आणली तर चुंबकाच्या ओढीने तारेचा सूर डगमगतो, तेव्हा बेताने घ्यावे.

आता पेडलविषयी. सीएस-३ हे १९८६ पासून बाजारात आहे आणि त्यावर लेव्हल, टोन, अटॅक व सस्टेन असे चार नॉब आहेत. सीएस४०० वरही नेमके हेच चार आहेत, फक्त खोके प्लास्टिकचे आहे. घरी टेबलावर ठेवून वाजवणाऱ्याला प्लास्टिकची अडचण नाही. दोन्हींत सस्टेन मध्याच्या पुढे नेला की खरखर वाढते, म्हणून रेकॉर्डिंगसाठी तो मध्याच्या अलीकडेच ठेवावा.

यलो कॉम्पची रचना निराळी आहे. त्यात सिग्नलच्या जोरानुसार आतला प्रकाश कमीजास्त होतो आणि त्याच्या समोरच्या प्रकाशसंवेदी रोधकामुळे आवाज दबतो. हा रोधक पूर्वस्थितीला सावकाश येतो, त्यामुळे दाब सुटताना धक्का जाणवत नाही आणि सुटे छेडलेले सूर एकमेकांत छान विरतात. त्यावर तीनच नॉब आहेत, अटॅक आपल्या हातात राहत नाही, आणि आकार इतका लहान की आत बॅटरी बसत नाही. मध्यभागी ऋण असलेला ९ व्होल्टचा चांगला ॲडॅप्टर लागेलच. आपल्या क्लीन वादनासाठी मी तरी हेच सुचवीन. मूळ सिग्नल थोडा मिसळणारा ब्लेंड नॉब या तिन्हींत नाही, ही उणीव खरी आहे. रीआकॉम्पमध्ये मात्र ड्राय (मूळ सिग्नल) आणि वेट (दाबलेला सिग्नल) असे दोन वेगळे स्लायडर आहेत, त्यांतून हाच परिणाम साधता येतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या पिकअपचा स्क्रू दीड फेरा फिरवल्यावर पहिली तार इतरांच्या बरोबरीला आली. तीन वर्षे मी हा दोष माझ्या बोटांचा समजत होतो. गेन खाली आणल्यापासून लाल दिवा लागलेला नाही. रीआकॉम्प लावून कडवे पुन्हा रेकॉर्ड केले, त्यात ड्राय साधारण तिसरा हिस्सा ठेवल्यावर पिकचा टणत्कार टिकून राहिला आणि हलके सूर गायकाच्या बाजूला स्पष्ट उभे राहिले.

माझा संगणक ६४ सॅम्पलवर अडखळतो, १२८ वर चालतो. तेवढा उशीर मला वाजवताना जाणवत नाही, म्हणून पेडलची खरेदी तूर्त थांबवली आहे. त्या पैशांतून आधी हेडफोन बदलतो, कारण प्रतिसाद २ मध्ये सांगितलेली फुगणारी घरघर माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्येही आहे आणि ती मला काल पहिल्यांदाच, मित्राचे हेडफोन लावल्यावर ऐकू आली.