स्पेस हॅबिटॅट (अंतराळात माणसांनी राहायचं घर) आधी जमिनीवर पूर्ण जोडून, माणसं कोंडून बघायचं की नाही?

पाना_पक्कड:
भारतीय अंतरिक्ष स्टेशनचं पहिलं मॉड्यूल (स्टेशनचा एक सुटा कप्पा) २०२८ ला आणि पाच मॉड्यूलांचं अख्खं स्टेशन २०३५ पर्यंत, असं टार्गेट आहे. माझं मत सरळ आहे, हवा पाणी वीज कूलिंग सॉफ्टवेअर सगळं आधी इथे खाली एकत्र जोडा, दार लावा, आत माणसं ठेवून काही महिने चालवा, मगच वर पाठवा. सुटा भाग प्रत्येक टेस्टला पास होतो हो, लफडी होतात ती जोडावर. आयएसएसवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनवर, २०१० मध्ये शुद्ध केलेल्या पाण्यात ऑरगॅनिक कार्बन वाढायला लागला. शोधल्यावर कळलं की टॉयलेटरीज, सीलंट असल्या गोष्टींतली सिलिकॉनची वाफ केबिनच्या हवेत जाते, हवेतून एसीने गोळा केलेल्या ओलाव्यात, आणि तिथून पिण्याच्या पाण्यात. म्हणजे हवावाल्यांचा कचरा पाणीवाल्यांच्या डोक्यावर! पाणीवाल्या टीमने एकटीने टेस्ट करून हे कधी सापडलं असतं?

अवकाळी:
उदाहरण भारी, पण अर्धंच सांगितलंत राव. त्याच स्टेशनवरचं लघवीतून पाणी काढायचं मशीन घ्या. २००८ ला वर गेलं, ८५ टक्के पाणी परत मिळणार होतं, आणि आत कॅल्शियम सल्फेट साचून तुंबलं. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, लघवीत कॅल्शियम वाढतं, त्यात ती टिकवायला सल्फ्युरिक ॲसिड घालायचे, मग काय होणार. टक्का खाली आणून चालवावं लागलं, पुढे फॉस्फरिक ॲसिडवर गेले. आता सांगा, खाली वर्षभर माणसं कोंडली असती तरी त्यांची हाडं झिजली असती का?

मीठमिरची:
अवकाळी +१. आणि कोंडून काय होतं ते ॲरिझोनात बघितलंय की. बायोस्फिअर २ नावाचं माती-झाडांसकट हवाबंद घर, १९९१, आठ माणसं दोन वर्षं बंद. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास. मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट पीत होतं, त्यामुळे बराच काळ हिशोबच लागेना. पैसा पाण्यात, अजून काय.

पाना_पक्कड:
मीठमिरची, +१ त्यांना आणि मुद्दा माझा :) काँक्रीटचा स्वभाव जमिनीवर कळला म्हणून तर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडता आला, चंद्रावर टँकर बोलावणार होतात का?

जुना_वायरमन:
दोघंही टोकाला चाललात. आयएसएसची पहिली दोन मॉड्यूलं बघा, झार्या कझाकस्तानातल्या बैकानूरहून उडालं, युनिटी फ्लोरिडाहून, दोघांची पहिली भेट थेट कक्षेत, डिसेंबर १९९८, आणि बसलं की बरोबर. ड्रॉइंग पक्कं असलं की होतं. पण पुढच्या मॉड्यूलांना नासाने फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरला केबलने एकमेकांशी जोडून तपासलं, जे हजर नाही त्याच्या जागी सिम्युलेटर. मला हेच पटतं. वीज आणि डेटाची भांडणं केबलवरच दिसतात, त्याला आत माणूस कशाला? आमच्या लाइनमध्ये पॅनेलवाला म्हणतो माझं ओके, मोटरवाला म्हणतो माझंही ओके, आणि दोन्ही एकत्र चालू केलं की ट्रिप. दोघांचे सर्टिफिकेट बघून काही उपयोग नसतो, जोडून लोड द्यावाच लागतो.

पाना_पक्कड:
केबलवर वास येत नाही वायरमनदादा. घाम, श्वास, शाम्पू, शिजवलेलं अन्न हे सगळं माणसाबरोबर येतं, आणि पाण्याची बोंब तिथूनच झाली होती. नासाने ह्यूस्टनला १९९७ मध्ये चौघांना ९१ दिवस बंद चेंबरमध्ये ठेवलं होतं ते उगाच नाही.

अवकाळी:
मान्य, पण मग पहिल्या मॉड्यूलसाठी आत माणसं किती दिवस ठेवायची आणि २०२८ ची तारीख कोणी पुढे ढकलायची, तेही लिहा. आणि माझ्या मते तेवढ्या पैशात खाली मॉड्यूलची जुळी प्रत चालू ठेवा. वर काही तुंबलं की तीच लघवी, तेवढंच कॅल्शियम घालून खाली तुंबवून बघता येईल.

मीठमिरची:
कॅल्शियम घालायचं काम कोणाचं, हवावाल्यांचं की पाणीवाल्यांचं? 😄